मातेंजेमामांचं कॅरियर

शुक्रवारी सकाळी मातेंजेमामांनी सायकल अंगणात काढली, तेव्हा त्यांची बायको एवेलेसी दोन बोटं वर करून दारात उभी होती.

"दोनच वस्तू," ती म्हणाली. "ऑफिसची पिशवी आणि ही कोंबडी. रस्त्यात तिसरं कुणाचं काही घेतलंत, तर याद राखा."

"घेतो कशाला?" मामा म्हणाले. "आज घेईन का मी?"

एवेलेसीनं बोटं खाली केली नाहीत. तिचा अनुभव दांडगा होता. काम्पिनी गावापासून बोमा, म्हणजे आमचं जिल्ह्याचं गाव, तेरा किलोमीटर. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मामा कारकून, आणि बावीस वर्षं ते रोज सायकल मारत जात-येत होते. या बावीस वर्षांत त्यांचं कॅरियर रिकामं गेलेलं तिनं एक दिवस पाहिलं नव्हतं. कुणाचं मक्याचं पोतं, कुणाचा बिघडलेला रेडिओ, कुणाच्या लेकीला धाडलेला भोपळा, आणि एकदा तर आख्खं शिवणयंत्र. रस्त्यात कुणी हात केला रे केला की मामांचा पाय जमिनीला लागलाच म्हणून समजा. त्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवानं घातलाच नव्हता. वर त्यांचा एक बाणा होता. वस्तू कुठं पोचवायची एवढंच विचारायचं. कुणाची आणि कशाला, ही चौकशी करायची नाही. आणि घेतलेली वस्तू त्याच दिवशी पोचलीच पाहिजे. आजवर एक वस्तू राहिली नाही की एक अंडं फुटलं नाही, हे ते रविवारी चर्चच्या दारात कुणी न विचारता सांगत.

पण आजची गोष्ट निराळी होती. आज दुपारी तीन वाजता त्यांच्या भाचीचा, तडालाचा साखरपुडा होता. तडाला रांगत होती तेव्हाच तिचा बाप गेला. पोरीला मामांनीच वाढवलं. मुलगा लिम्बानी जोहान्सबर्गला कामाला. सुट्टी संपवून तो उद्या पहाटेच्या बसनं परत निघणार होता. ती बस गेली की पुढच्या नाताळापर्यंत विषय बंद, आणि जोहान्सबर्गला गेलेल्या पोराचं मन नाताळापर्यंत जागेवर राहील याची हमी कोण देणार? तेव्हा जे काय व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं.

आमच्याकडे साखरपुड्याची सगळी भिस्त मामांवर आणि कोंबड्यांवर. मुलीचा मामा कोंबडी आणतो, मुलाचा मामा कोंबडा आणतो. दोघं चारचौघांत समोरासमोर उभे राहतात, अदलाबदल करतात, की ठरलं लग्न. मुलाचे मामा होते निवृत्त पोलीस सार्जंट काचिंग्वे. माणूस असा कडक की घरात खुर्चीवरसुद्धा सावधान बसायचा. बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी भाच्याचं कौतुक पाच मिनिटं केलं आणि आपल्या परसातल्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्याचं वीस मिनिटं. निघताना त्यांनी बजावलं होतं, की मुलीकडच्यांनी जरा जरी घोळ घातला तरी आम्ही उठून जाऊ.

मामांना पूर्ण रजा मिळाली नव्हती, कारण त्याच सकाळी राजधानीहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते आणि त्यांना हवी असलेली बोअरवेलची फाईल मामांनी अभ्यासाला घरी आणून ठेवली होती. सकाळी फाईल द्यायची, दोन वाजता सुट्टी घ्यायची, तीनला सार्जंटच्या घरी. बायकामंडळी दुपारी भाड्याच्या पिकअपमधून येणार होती. कोंबडी मात्र मामानंच न्यायची, अशी रीत. मामांनी काळी पिशवी कॅरियरवर आडवी ठेवली, तिच्यावर कोंबडीची झाकणाची टोपली, आणि जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीनं सगळं आवळलं. तडालानं टोपलीत डोकावून आपल्या तांबड्या कोंबडीला हळूच काहीतरी सांगितलं. मग ती मामांना म्हणाली, "मामा, आज उशीर करू नका हां." मामांनी जोरात पायडल मारलं.

पहिले तीन किलोमीटर मामा खाली मान घालून गेले. दोघातिघांनी हात केला, तो त्यांनी पाहिलाच नाही असं केलं. पण चर्चपाशी खुद्द पाद्रीणबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या. त्यांच्या हातात एक खोकं होतं. त्यात प्लॅस्टिकची फुलं आणि पांढऱ्या रिबिनीचं गुंडाळं. गायनमंडळाच्या झग्यांना लावायला बोमातल्या शिंप्याकडे द्यायचं होतं. मामांनी मनाशी हिशेब केला. ही तिसरी वस्तू खरी, पण देवाघरची वस्तू माणसांच्या हिशेबात धरत नाहीत. शिवाय वजन ते काय. खोकं टोपलीवर चढलं.

सहाव्या किलोमीटरला नाम्बेवे आजी भेटल्या. आजींचं वय ऐंशीच्या पुढं, आणि त्यांच्या कोंबड्यांचा पंचक्रोशीत लौकिक. पाय बांधलेला एक दांडगा पांढरा कोंबडा त्या उराशी धरून उभ्या होत्या. मामांनी आज खरोखर सांगायचं ठरवलं होतं. सायकल थांबवून ते म्हणाले, "आजी, आज माझ्या भाचीचा..."

"जमेल तर बघा बाबा," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी कोंबडा पुढं केला.

इथंच सगळं बिघडलं. मोठ्या माणसानं काही पुढं केलं की गुडघ्यात वाकून दोन्ही हातांनी घ्यायचं, हे आमच्याकडे मुलं चालायच्या आधी शिकतात. मामांच्या डोक्यात 'नाही' होतं, पण हातांना ते कुणी कळवलं नव्हतं. हात आपोआप पुढं झाले, गुडघे वाकले आणि कोंबडा आला. बस डेपोपाशी एस्नाथ मांदासी, म्हणजे गोड वडे, तळते, तिच्याकडे बाराच्या आत द्या, ती पुढचं बघेल, एवढं आजी म्हणाल्या. मामांनी बाण्याप्रमाणे पुढचं विचारलं नाही.

कोंबडा ठेवायचा कुठं? हँडलला उलटा टांगणं मामांच्या मनाला पटेना, म्हणून तो टोपलीत कोंबडीशेजारी गेला. आता कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथं कोंबडा धड झाकलाही जाईना. उताराला लागताच त्यानं झाकण उचललं, मान बाहेर काढली आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी बांग दिली. मामांनी पट्टी आणखी आवळली, ती फट्‌कन तुटली. टोपली घसरली, खोकं खाली पडून फाटलं आणि फुलं रस्त्यावर पसरली.

घड्याळात साडेसात. मामांनी विचार केला, नि विचार अगदी बरोबर होता. टोपली बांधायला काहीतरी हवं. हाताशी होती ती रिबीन. फुलं चुरगळायला नकोत. ती टोपलीच्या विणीत खोचली. पिशवी गळ्यात अडकवली. बावीस वर्षांचा हात, त्यामुळे रिबिनीची गाठ बसली तीही फुलासारखी. मामांनी मागं होऊन पाहिलं, सगळं घट्ट होतं, आणि ते समाधानानं निघाले.

बोमाच्या वेशीवर चाक पंक्चर झालं. मग मामा सायकल हातानं ढकलत डेपोपाशी आले, तर एस्नाथची चूल थंड आणि जागा रिकामी. शेजारचा म्हणाला, ती कुणाला तरी शोधत पलीकडच्या रस्त्याला गेली आहे. शिंप्याचं दुकान अजून उघडायचं होतं. तिकडे साहेब फाईलसाठी थांबलेले. मामा बाजारातून सायकल ढकलत कचेरीकडे निघाले.

आता बाजारानं काय पाहिलं ते बघा. मातेंजेमामा, अंगात इस्त्रीचा कोट. टोपलीत तांबडी कोंबडी आणि पांढरा कोंबडा, मांडीला मांडी लावून. भोवती पांढरी रिबीन आणि फुलं. टमाटे विकणाऱ्या बाईनं तोंडाशी हात नेऊन जीभ हलवत तो लांबलचक आनंदाचा सूर लावला, तो पुढच्या बाईनं उचलला आणि मासळीवाल्यांपर्यंत गेला. लोक मामांचे हात हातात घेऊन अभिनंदन करू लागले. भाचीचा साखरपुडा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतंच, म्हणून मामाही आनंदानं थँक्यू म्हणत चालले. आपण कशाबद्दल थँक्यू म्हणतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाजाराच्या मात्र आलं. कोंबडा-कोंबडी एका टोपलीत, म्हणजे अदलाबदल झाली. पण काचिंग्वे सार्जंट तर आत्ता दाढी करायला न्हाव्याकडे बसलेत. मग हा कोंबडा कुणाकडचा? अर्थात दुसऱ्या मुलाकडचा. दहा वाजेपर्यंत तो दुसरा मुलगा तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे हे कळलं होतं, आणि अकरापर्यंत त्याला दोन ट्रक झाले होते.

कचेरीत फाईल वेळेवर पोचली, तिच्यावर एक पीस चिकटलं होतं तेवढंच. मोठे साहेब खूश झाले. मामांच्या वरिष्ठ चिम्वाझाबाईंनीही अभिनंदन केलं आणि मग म्हणाल्या, "बरं झालं सकाळीच उरकलंत ते. म्हणजे दुपारची सुट्टी आता नको तुम्हाला. साहेबांना बाकीच्या फायली दाखवा."

मामांचं धाबं दणाणलं. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की अजून काही उरकलेलं नाही, कोंबडा दुसऱ्याचा आहे. बाईंनी खिडकीतून टोपलीकडे पाहिलं. टोपली काही वेगळंच सांगत होती. साखरपुडे दोन-दोन करायची पद्धत आपल्या खात्यात नाही, असं म्हणून त्या मीटिंगला गेल्या.

साडेअकराला पहारेकरी सांगत आला की मागं सायकलच्या शेडमध्ये कुणीतरी बोलावतंय आणि चेहरा बरा दिसत नाही. शेडमध्ये सार्जंट काचिंग्वे उभे होते. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण तसाच. न्हाव्याकडेच त्यांना बातमी लागली होती. कचेरीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं दाटली. त्यांना दिसत होतं सगळं, ऐकू काही येत नव्हतं.

"हा कोंबडा कुणाचा?" सार्जंटनी विचारलं.

"माहीत नाही."

"दिला कुणी?"

"नाम्बेवे आजींनी."

"कुणाला द्यायला?"

"डेपोपाशी द्यायचा होता. तिथनं पुढं कुणाला ते विचारलं नाही."

"कशासाठी?"

"ते तर मी कधीच विचारत नाही."

सार्जंटनी नोकरीत शेकड्यांनी चोर पाहिले होते आणि ते सगळे असंच बोलत. त्यांनी टोपलीकडे बोट केलं. "आणि वर पांढरा! मी माझ्या पांढऱ्या कोंबड्याचं एवढं सांगितलं, म्हणून मुद्दाम पांढराच आणलात दुसऱ्याकडचा. मातेंजे, साखरपुडा मोडला. मी आत्ता जाऊन लिम्बानीला सांगतो, उद्याची नको, आजचीच बस धर."

मामांच्या डोळ्यांपुढं तडाला उभी राहिली, टोपलीत वाकून कोंबडीशी बोलणारी. बावीस वर्षं लोकांची ओझी वाहिली आणि त्या ओझ्याखाली आपलीच पोर चिरडली, असं त्यांना वाटलं. ते खरंच रडायच्या बेतात आले होते.

तेवढ्यात डोक्यावर मांदासींचं घमेलं घेतलेली, धापा टाकणारी एस्नाथ शेडमध्ये शिरली.

"काय हो मामा, सगळं बोमा पालथं घातलं मी तुमच्यासाठी! तो कोंबडा..." तिचं लक्ष सार्जंटकडे गेलं. "अगंबाई. तुम्ही स्वतःच आलात होय न्यायला?"

कोंबडा टोपलीत पाय झाडत होता. मामांनी एस्नाथकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं आणि मग सार्जंटच्या साबण लावलेल्या गालाकडे पाहिलं. सार्जंट आयुष्यात पहिल्यांदा सावधान नव्हते.

"तुमचा?" मामांनी विचारलं.

"परवा रात्री गेला माझा," सार्जंट खालच्या आवाजात म्हणाले.

"मेला?"

"चोरीला."

"तुमच्या घरातून?"

"हळू बोला ना."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तीस वर्षं जिल्ह्यातल्या कोंबडीचोरांना ज्यानं सळो की पळो केलं, त्याच्याच परसातून कोंबडा गेला होता आणि ही गोष्ट ऐकायला जिल्ह्यातले सगळे कोंबडीचोर जीव टाकून बसले असते. म्हणून तसाच पांढरा कोंबडा मिळवायला सार्जंटनी गुपचूप एस्नाथला गाठलं, एस्नाथनं आजींना निरोप धाडला, आणि आजींना बोमाला वस्तू धाडायचा एकच रस्ता ठाऊक होता. तो रस्ता आत्ता ओठ दाबून हसू आवरत होता.

"मातेंजे," सार्जंट म्हणाले, "हे कुणाला कळता कामा नये."

"माझ्या बायकोलासुद्धा कळणार नाही," मामा म्हणाले. "फक्त आमच्या बाईंना जरा सांगा."

सार्जंट तसेच, अर्ध्या साबणानिशी, चिम्वाझाबाईंकडे गेले आणि साखरपुडा अद्याप झालेला नाही, तीन वाजता होणार आहे, अशी जबानी उभ्यानं देऊन आले. सुट्टी मिळाली. एस्नाथनं कोंबडा घमेल्यात कापडाखाली दडवला आणि बाजारातून सार्जंटच्या घरी नेला. तिच्या मांदासी आरवतात अशी वदंता त्या दिवसापासून आहे. मामांनी पंक्चर काढून घेतलं, फुलं आणि रिबीन शिंप्याकडे दिली आणि पावणेतीनला सार्जंटच्या दारात हजर झाले.

समारंभ बघण्यासारखा झाला. सार्जंट पांढरा कोंबडा घेऊन पुढं आले आणि भाषणाला लागले. "हा माझ्या परसातला..." असं म्हणून ते अडखळले, मामांकडे बघितलं, आणि म्हणाले, "हा आमच्याकडचा कोंबडा." मामांनी गळ्यातली पिशवी काढून खुर्चीखाली सरकवली, दोन्ही हात मोकळे केले, गुडघ्यात वाकले आणि कोंबडा घेतला. कोंबड्यानं त्यांना ओळखलं असावं. तो गप्प बसला. बायकांनी असा सूर लावला की पत्रे दणाणले. तडाला हसत होती आणि रडतही होती. मामांना वाटलं, या एका क्षणासाठी बावीस वर्षं सायकल मारली असती तरी चाललं असतं.

संध्याकाळी पिकअप बायकांना घेऊन पुढं गेली. मामा टोपलीत कोंबडा घेऊन, शीळ घालत सायकलवर निघाले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. सातव्या किलोमीटरला नाम्बेवे आजी दारात मका सोलत बसल्या होत्या. कोंबड्यानं घर पाहून बांग दिली.

आजी उठून रस्त्यावर आल्या. त्यांनी टोपलीत वाकून पाहिलं. "मामा, हा माझाच ना?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर सार्जंटला दिलेला शब्द जातो.

"एस्नाथ सापडली नाही वाटतं," आजी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मामांना जास्त लागलं. "असू दे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच राहिलं तुमच्याकडनं. आणा इकडं, उद्या दुसऱ्या कुणाकडनं धाडते."

त्यांनी हात पुढं केले. मामांनी टोपली मागं ओढली. साखरपुड्याचा कोंबडा परत केला तर साखरपुडाच परत केल्यासारखा.

"नाही आजी," ते म्हणाले. "हा देता यायचा नाही."

जन्मातलं पहिलं 'नाही' होतं ते, आणि निघालं ते आजींपुढं. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोंबड्याकडे पाहिलं.

"आवडला होय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग सकाळीच बोलायचं होतं की. ठेवा, तुमच्यापेक्षा कोंबडा जास्त नाही. पण मी त्या माणसाचे पैसे घेतलेत, माझा शब्द मोडायला नको." त्या घरामागं गेल्या आणि दुसरा कोंबडा घेऊन आल्या, पहिल्याहून मोठा. "हा उद्या एस्नाथकडे द्या. आणि हा तेवढा पोचवा बरं का."

त्यांनी कोंबडा पुढं केला. मामांचे दोन्ही हात पुढं झाले.

अंधार पडायच्या आत मामा घरी आले. एवेलेसी दारातच उभी होती. तिनं सायकलभोवती एक फेरी मारली.

"हा साखरपुड्याचा," ती म्हणाली. "आणि हा दुसरा?"

"तो पोचवायचा आहे."

"कुणाला?"

"सांगता येत नाही."

"कशाला?"

"तेही सांगता येत नाही."

एवेलेसीनं दोन बोटं वर केली. "सकाळी दोनच वस्तू दिल्या होत्या तुम्हाला. कोंबडी दिलीत, ते बरोबर. ऑफिसची पिशवी कुठाय?"

मामांनी गळ्याशी हात नेला. मग वळून कॅरियरकडे पाहिलं. मग त्यांना सार्जंटच्या घरची ती खुर्ची आठवली.

"उद्या आणतो," मामा म्हणाले. "नाहीतरी त्या घरी एक वस्तू पोचवायचीच आहे."